पाण्याविना

आरशाला लटकलेली ती चकती मी आधी ओळखलीच नाही. शेअर टॅक्सीत पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर बाजाराची पिशवी, पिशवीत पाव आणि दोन ॲव्होकाडो, आणि डोक्यात नेहमीसारखं काहीच नाही. आरशाला जपमाळ होती, फुटबॉलचा एक इवलासा बूट होता, आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक चकती, रुपयाएवढी, वळणावर काचेवर आपटून टिक टिक करणारी. तिच्यावर सतरा हा आकडा कोरलेला होता. साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती, आणि ती रेघ डावीकडे कललेली होती. सात काढताना विंकोचा हात नेहमी डावीकडे कलायचा. मी त्याला चिडवायची, तुझा सात दारू प्यायलाय. विंकोला जाऊन पंधरा वर्षं झाली. आणि त्याचा प्यायलेला सात माझ्यासमोर अँतोफागास्ताच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर झोके घेत होता.

"ही कुठून आणलीत हो?" मी विचारलं. 

"ही?" ड्रायव्हरने चकतीला बोट लावलं आणि ते बोट ओठांना टेकवलं. "ही विंकोची. नवसाची आहे."

"कोण विंको?"

"काय सेन्योरा, इथल्याच ना तुम्ही? विंको माहीत नाही? तहानेचा विंको! सगळ्या ट्रकवाल्यांचा तो. वर पाम्पाच्या वाळवंटात, मिठाच्या पठाराच्या कडेला त्याची आनिमिता आहे की. मी आधी ट्रकच चालवायचो, तांब्याच्या खाणीवर. उतारावर माझे ब्रेक गेले होते. मी ओरडलो, विंको, वाचव, बाटलीच काय पिंप ओतीन तुझ्यावर. गाडी वाळूत जाऊन बसली, साधं खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून जाईन तेव्हा ओततो. सगळेच ओततात."

"काय ओततात?"

"पाणी. दुसरं काय? पाण्याविना मेला ना बिचारा. तसं लिहिलंयच तिथे."

मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, कोपऱ्यावर थांबवा. टॅक्सी थांबली, त्या उतरल्या, दार आपटलं, आणि आम्ही पुढे निघालो. माझा थांबा येऊन गेला, मी उतरले नाही. आनिमिता कशी असते ते आमच्या उत्तरेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रस्त्यावर कुणी गेलं की त्याच्या जिवाला बसायला जागा हवी म्हणून तिथे एक लहानसं घर करायचं. पांढरं, दोन पाखी छप्पर, वर नाव. आणि विंकोने पठारावर पहिल्यांदा जी पेटी उभारली, हवेतली ओल मोजणारं यंत्र ठेवायला, ती लाकडाची होती, उन्हासाठी पांढरी रंगवलेली, पाणी कधी पडणारच नाही तरी सवयीने वर दोन पाखी छप्पर केलेली. तो गेल्यावर काळ्या रंगाने त्याचं नाव मीच घातलं तिच्यावर. म्हणजे नुसतं "विंको" एवढंच. त्याच्याखाली विंकोच्या हातची जुनी पाटी आधीपासून होती. मिठाच्या दगडांचे दोन वाफे केले होते आम्ही, प्रत्येक दगडाला नंबराची चकती लावून. एकावर वर्षातून चार वेळा पाणी शिंपडायचं, त्याची पाटी "पाण्यासह". तो प्रयोग तीन वर्षांत आटोपला, कारण त्यातले दगड तीन वर्षांत मेले. दुसऱ्या वाफ्याला हात लावायचा नाही, नुसतं पाहायचं. त्याची पाटी "पाण्याविना". पांढरं घर, वर विंको, खाली पाण्याविना. मी इतकी शिकलेली बाई, आणि वाटेने जाणाऱ्या माणसाला ते कसं वाचता येईल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

"तुम्हाला कुठे सोडू, सेन्योरा?" ड्रायव्हर विचारत होता. आता टॅक्सीत मी एकटीच उरले होते.

"तुम्ही मला तिथे न्याल का? उद्या?"

"विंकोकडे?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. नवस बोलणाऱ्या बायकांचा चेहरा कसा असतो हे तो ओळखत असावा. "नेईन की. सकाळी निघू. माझं नाव नोल्बेर्तो. पाणी घ्यायला विसरू नका."

घरी येऊन मी पाव तसाच ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. पुढच्या महिन्यात त्या दगडांवरचा आमचा लेख छापून येणार होता. पहिलं नाव विंको मारुसिच, दुसरं मिरेया ओलिवारेस, म्हणजे मी. मेलेल्या माणसाचं नाव पुढे घालायला संपादकांनी आढेवेढे घेतले तेव्हा मी त्यांना लिहिलं होतं, विचार त्याचा आहे, मी फक्त ड्रायव्हर आहे. ते खरंही होतं. विंकोला गाडी चालवता येत नसे. पंचवीस वर्षं पठारावरची जीप मीच चालवली आणि तो शेजारी बसून बडबडत राहायचा. पृथ्वी ही नुसती जागा नाही, म्हणायचा. जिवांनी मिळून ती राखलीय. हवा किती, ऊब किती, समुद्रात मीठ किती, सगळं. नद्या एवढं मीठ वाहून नेतात, समुद्र खारट होऊन केव्हाच मरायला हवा होता. मग मरत का नाही? कुणीतरी आत बसून मीठ उपसतंय, म्हातारे. मला तो तिशीपासून म्हातारे म्हणायचा, आमच्याकडचे सगळे नवरे म्हणतात तसं. इथपर्यंत त्याचं आणि मोठमोठ्या मंडळींचं जमायचं. भांडण पुढे होतं. त्यांचं म्हणणं असं, की जीव एकतर अख्ख्या ग्रहाला व्यापून त्याचा कारभार हातात घेतो, नाहीतर तो नसतोच. चिमूटभर जीव कुठे टिकून राहू शकत नाही. म्हणून तांबड्या ग्रहावर काही नाही, उगाच यंत्रं पाठवू नका. आणि विंको म्हणायचा, चिमूटभर जीव चिमूटभर घर राखेल. का नाही राखणार? आमच्या पठारावर जा, मिठाचा दगड फोडून बघा.

तो दगड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. बाहेरून मळकट, खडबडीत, गुडघ्याएवढा. विंकोने हातोडी मारली आणि तो दुभंगला. आत पांढऱ्या मिठात, सालीपासून बोटभर खोल, एक हिरवी रेघ होती. फिकी, कुणी पेन्सिलने ओढून पुन्हा पुसल्यासारखी. ज्या जागी कित्येक वर्षं पावसाचा थेंब नाही तिथे ते इवलेसे हिरवे जीव बसले होते, मिठाच्या आड, उन्हापासून लपून. पहाटेच्या हवेतली कणभर ओल मीठ ओढून घेतं, तेवढी ते पितात. दिवसाला एवढीशी. त्याहून जास्त झालं की फुगून फुटतात. तहानेने मरत नाहीत ते, पाण्याने मरतात. विंकोने माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. थंड लागलं. तो म्हणाला, ही पृथ्वी उद्या स्वतःला सांभाळेनाशी झाली ना, तर इथून जे बाहेर जाईल ते असं जाईल. चकचकीत कपडे घातलेली माणसं नाही जायची. एक मीठ लागलेला दगड जाईल. मला हसू आलं होतं. त्याच वर्षी मी त्याच्याशी लग्न केलं.

माझे डोळे अधू झाल्यापासून पाच वर्षं मी पठारावर गेले नव्हते. जायची गरजही नव्हती. पेटीतलं यंत्र दर आठवड्याला आकडे घरी पाठवायचं. आणि त्या आकड्यांत ते घडायला लागलं. दगडांभोवतीची ओल वाढत होती. धुकं वाढलं नव्हतं, शंभर कोसांत पाऊस नव्हता, दुसऱ्या कुठल्याही यंत्राला काही दिसत नव्हतं. फक्त विंकोच्या वाफ्यावर हवा ओलावत चालली होती. हवामानात कारण सापडेना. मी सगळं तपासलं, वर्षभर तपासलं, आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन रडत बसले. कारण एकच उरत होतं. चिमूटभर जीव चिमूटभर घर राखत होता. दगडांतले ते जीव आपली ओल आपण धरून ठेवत होते. विंको बरोबर होता, आणि ते त्याला सांगायला कुणी नव्हतं.

एक गोष्ट तेवढी बसत नव्हती. ओल सोमवारी वाढायची. दर सोमवारी, थोडीशी, आणि शनिवारपर्यंत उतरायची. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, निसर्गाला सोमवार माहीत नसतो एवढं मला कळतं. सोमवार माणसांना माहीत असतो. खाणीची पाळी सोमवारी बदलते, ट्रक आणि बसगाड्या सोमवारी वर जातात. पण मी महिन्याची सरासरी काढली. सरासरीत सोमवार दिसत नाही. रेघ छान चढती आली. लेखात ती रेघच दिली आहे. मी लबाडी केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि आज दुसरं काही वाटत नाही.

सकाळी नोल्बेर्तो वेळेवर आला. मी हातोडी घेतली, आणि काळ्या रंगाचा एक डबा आणि कुंचला. रात्री पडल्या पडल्या वाक्यही ठरवलं होतं : येथे पाणी ओतू नये. नोल्बेर्तोने डब्याकडे पाहिलं, "नाव परत काढायचंय का? छान. उन्हाने फिकं झालंय ते," म्हणाला, आणि माझ्या पायाशी पाण्याची एक मोठी बाटली ठेवली. "मला वाटलंच, तुम्ही विसरणार."

शहर संपलं, समुद्र मागे गेला, आणि मग ते सुरू झालं, ज्यात नजर अडकवायला काही नाही. नोल्बेर्तो बोलत होता. विंको खाणीवर पाण्याचा टँकर चालवायचा म्हणे. दुसऱ्यांना पाणी पोहोचवणारा, आणि स्वतःची गाडी बंद पडली, टाकी रिकामी. तीन दिवस मिठावर चालला. सापडला तेव्हा तोंडात मिठाचा खडा होता.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"सगळ्यांनाच माहितीये. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा एक जण तर त्याला उचलायला होता."

मला हसू फुटलं, आणि नोल्बेर्तोही हसला, कशाला ते न कळता. गाडी चालवता न येणारा माझा नवरा टँकर घेऊन वाळवंटात फिरत होता. हे त्याला सांगितलं असतं तर दोन दिवस त्याने मला जेवू दिलं नसतं, नक्कल करून करून. तो गेला तो शहरातच, खाटेवर, पांढऱ्या चादरीत. तहानेने नाही, असं मी नोल्बेर्तोला सांगणार होते. मनात वाक्य अगदी तयार होतं.

त्याची मूत्रपिंडं गेली होती. हेही त्याने हसण्यावारी नेलं. अख्ख्या समुद्राचं मीठ कोण सांभाळतं ते शोधायला निघालो, आणि माझं मीठ सांभाळणारे दोघे संपावर गेले बघ, म्हातारे. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यात सूप आलं, चहा आला, गोळीबरोबरचा घोट आला. डॉक्टर म्हणाले होते, एक थेंब वर जाऊ देऊ नका, फुप्फुसात भरेल. आणि मोजायला मी होते. मोजणं हेच तर माझं काम. रेघा आखलेला काचेचा पेला होता, त्यात मी डोळ्यांच्या पातळीला धरून पाणी मोजायची आणि वहीत वेळ टाकायची. विंको रडायचा नाही, पण पाण्याकडे बघायचा. फुलदाणीतल्या पाण्याकडे बघायचा. मी फुलं काढून टाकली. बाथरूमचा नळ मी हळू सोडायची, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "म्हातारे, एक पेला. मोजू नकोस." मी म्हणाले, "चार वाजता. चारला देते." मी कापूस ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. तो कापूस चोखत होता. मी तो काढून घेतला. सव्वातीनला तो गेला. पेला मी भरून ठेवला होता, चारसाठी, बरोबर पन्नासच्या रेघेपर्यंत. तो मी काय केला ते मला आठवत नाही. खूपदा आठवायचा प्रयत्न केला आहे. प्यायले की ओतला, आठवत नाही.

"आलं," नोल्बेर्तो म्हणाला.

लांबून ते चमकत होतं. मला वाटलं मीठच. जवळ गेलो तेव्हा दिसलं की बाटल्या आहेत. हजार असतील, दोन हजार असतील. भरलेल्या, अर्ध्या, उन्हाने वाकड्या झालेल्या, गळ्यात रिबिनी बांधलेल्या. ट्रकच्या नंबरपाट्या, टायर, प्लास्टिकची फुलं, "विंको, उपकार विसरणार नाही" असं लिहिलेल्या फरश्या. मधोमध माझी पांढरी पेटी. कुणीतरी तिला पुढून छोटं लोखंडी कुंपण घातलं होतं आणि रंग नवा दिला होता, फक्त अक्षरांना हात लावला नव्हता. ती आमचीच होती, जशीच्या तशी. यंत्र आत निमूट चालू होतं. दगडांच्या कडा गेल्या होत्या. पावसातल्या साबणासारखे ते गुळगुळीत होऊन खचले होते, काहींना आरपार भोकं पडली होती. चकत्या बहुतेक नवसाला गेल्या होत्या. चार नंबरचा सापडला. मी हातोडी मारली. आत पांढरं. नऊ नंबर. पांढरं. एकवीस हातानेच फुटला, भिजलेल्या पावासारखा. पांढरं, पांढरं, कुठे जराही डाग नाही.

"काय शोधताय, सेन्योरा?" नोल्बेर्तो टोपी हातात घेऊन कुंपणाबाहेर उभा होता.

"हिरवं."

 मी उठले आणि चढावर चालत गेले. गुडघे दुखत होते. तीनशे पावलं, चारशे. इथे बाटली नव्हती, वाट नव्हती, कुणी कधी कशासाठी आलंच नव्हतं. एक दगड निवडला, ज्याला नंबर नव्हता. हातोडी मारायला भीती वाटली, कारण हाही पांढरा निघाला तर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. मग मारली. आत बोटभर खोल ती रेघ होती. फिकी, हिरवी. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं, बोटाला घाम होता. ते इथे होते, सगळा वेळ, कुणाच्याही प्रेमाविना ठीक होते. ओल धरत नव्हते, घर राखत नव्हते, कुणाचा कुठला विचार सिद्ध करत नव्हते. नुसते होते. त्यांच्यावर नाव घातलं नाही म्हणून होते. मी दोन्ही अर्धे एकमेकांवर नीट बसवले, फट राहू नये म्हणून मीठ चोळलं, आणि हातोडी उचलली. लेख मागे घ्यावा लागणार. संपादकांना आज संध्याकाळीच लिहायचं, की विंकोच्या वाफ्यावरची ओल ट्रकवाल्यांची होती. कुणीतरी राखतच होतं ती जागा, एवढं तरी खरं होतं, पण ते लेखात घालता येत नाही.

खाली आले तेव्हा नोल्बेर्तोची बाटली ओतून झाली होती. ओली जागा माझ्यासमोर आटत गेली.

"तुम्ही ओळखत होतात का हो त्याला?" त्याने विचारलं. "नाही, तुमचा चेहरा बघून वाटलं."

"नवरा होता माझा."

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.  मग अगदी हळू, म्हाताऱ्या नातेवाइकाला विचारावं तसं, म्हणाला, "खूप हाल झाले का हो? म्हणजे... पाण्याविना?"

सांगायला खूप होतं. तो टँकर चालवत नव्हता, त्याला गाडी येतच नव्हती. ही पेटी यंत्राची आहे. ती पाटी दगडांसाठी आहे, माणसासाठी नाही, तुम्ही सगळ्यांनी चूक वाचलीत, आणि तुमच्या दयेने माझी पंचवीस वर्षं विरघळली. तोंड उघडलं आणि समोर ती अक्षरं होती, माझ्याच हाताची आणि त्याच्याच हाताची, विंको, पाण्याविना, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी ती वाटेने जाणाऱ्या माणसासारखी वाचली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तहानेनेच गेला. मागत होता. मी दिलं नाही."

नोल्बेर्तोने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गाडीकडे गेला, माझ्या पायाशी ठेवलेली ती मोठी बाटली घेऊन आला, माझ्या हातात दिली आणि पुन्हा लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. रंगाचा डबा गाडीतच राहिला. बाटलीचं झाकण घट्ट होतं, माझ्याच्याने फिरेना, मग फिरलं. घड्याळात तीन वाजून गेले होते. मी चार वाजायची वाट पाहिली नाही. "घे," मी म्हणाले, आणि न मोजता सगळं ओतलं.